गृहदुरुस्ती आणि कुटुंबधर्म

(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या कुटुंबमेळाव्यांत केलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं ख्रिस्तसभेच्या थोर इतिहासावर बोलणारे विद्वान वक्ते आपणांस पुष्कळ लाभतील. आम्हीं मात्र आज एक अगदीं घरगुती विषय निवडला आहे. तो म्हणजे घरांतील मोडतोड आणि तिची दुरुस्ती. हें ऐकून कित्येकांस हसूं येईल. गळकें छप्पर, सैल बिजागरी, फाटकी चादर, टपटपणारा नळ यांचा धर्माशीं संबंध तो काय, असें कोणी विचारील. परंतु प्रत्येक कुटुंब ही एक छोटी ख्रिस्तसभा आहे असें जर आपण मानतों, तर त्या ख्रिस्तसभेचें छप्पर गळत असतां आपण स्वस्थ बसावें काय, एवढेंच आम्ही उलट विचारतों.

प्रथम शुभवर्तमानाकडे वळूं. आपल्या प्रभूस गांवचे लोक सुताराचा पुत्र म्हणून ओळखीत, असें संत मत्तय सांगतो. संत मार्क तर लोकांच्या तोंडून प्रभूसच सुतार म्हणवितो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ केवळ लांकूडकाम करणारा एवढाच नसून घरबांधणी करणारा कारागीर असाही होतो. नासरेथसारख्या लहान खेड्यांत अशा कारागिराच्या वाट्यास नव्या कामापेक्षां जुन्याची डागडुजीच अधिक येत असेल, असें समजण्यास हरकत नाहीं. प्रभूनें याकोब व योहान यांस हांक मारिली तेव्हां ते आपल्या बापासह तारवांत बसून जाळीं नीट करीत होते. बाप आणि दोन पुत्र एकत्र बसून जाळीं सांधीत आहेत, हें दृश्य आपल्या पाचूबंदरच्या व अर्नाळ्याच्या कोळीबांधवांस नवें नाहीं. जुन्या वस्त्रास कोऱ्या कापडाचें ठिगळ लावूं नये, कारण कोरें कापड आटतें आणि जुन्यास ओढून अधिकच फाडतें, हा दाखलाही प्रभूचाच. ज्यानें तो दिला त्यानें आपल्या पवित्र मातेच्या हातांत सुई-दोरा पाहिला नसेल असें कसें म्हणावें?

कफर्णहूम येथें चार जणांनीं घराचें छप्पर उकलून एका पक्षघाती मनुष्यास प्रभूपुढें खालीं सोडलें, ही कथा आपण सर्वांनीं ऐकिली आहे. त्या देशांत साध्या घराचें माळवद तुळया, फांद्या आणि माती यांचें असे. दुसरे दिवशीं तें भोक कोणीं बुजविलें, हें शुभवर्तमानांत लिहिलेलें नाहीं. पण कोणीतरी तें बुजविलें असलेंच पाहिजे. लोक देवाचा गौरव करीत घरोघर गेले. मागें राहून ज्यांनीं माती कालविली, त्यांचे हातही त्या दिवशीं देवाचेंच काम करीत होते, असें आम्हांस वाटतें.

आतां आपल्या वसईकडे पाहूं. आपल्या कौलारू घरांची शाकारणी मे महिन्यांत होत असे, कारण ७ जूनच्या सुमारास मृग लागतो आणि पाऊस कोणाची वाट पाहत नाहीं. बापानें शिडीवर चढावें, थोरल्या मुलानें फुटकीं कौलें उतरवावीं, धाकट्यांनीं नवीं कौलें हातोहात पोंचवावीं, आणि आईनें घरांत उभें राहून उजेडाची फट कोठें दिसते तें खालून ओरडून सांगावें, असा तो सोहळा. जेथून उजेड येतो तेथून पाणीही येणार, हें शास्त्र मुलांस कोणत्याही पुस्तकावांचून कळे. बासल मिशननें सन १८६५ मध्यें मंगळूर येथें कौलांचा कारखाना काढला, आणि पुढें तीं मंगलोरी कौलें आपल्या किनाऱ्यावर सर्वत्र पसरलीं. त्या कौलांच्या खांचा एकमेकींत बसतात. म्हणून एक कौल सरकलें कीं शेजारचेंही सैल होतें. कुटुंबाचेंही तसेंच नाहीं काय?

दुरुस्ती थांबली म्हणजे काय होतें, हें पाहावयाचें असेल तर आपल्या किल्ल्यांत जावें. सन १७३९ मध्यें मराठ्यांनीं वसईचा किल्ला जिंकला आणि तेथील पोर्तुगीज वस्ती उठली. त्या काळच्या मोठमोठ्या ख्रिस्तमंदिरांच्या भिंती व कमानी आजही उभ्या आहेत. पण बहुतेकांवर छप्पर नाहीं. दगड पुष्कळ काळ आपल्या बळावर उभा राहतो. छपरास मात्र दरसाल माणसाचे हात लागतात, आणि ते हात तेथें राहिले नाहींत. घर उभारणें हें एकदांचें काम आहे. घर राखणें हें दरसालचें.

कोणी म्हणेल, आतां कौलें राहिलीं कोठें? आम्ही तर चाळींत किंवा इमारतींत राहतों. परंतु पाऊस इमारतीसही सोडीत नाहीं. गच्चीवरील पाणी जाण्याचीं तोंडें पालापाचोळ्यानें तुंबलीं आहेत कीं काय, हें जूनपूर्वीं कोणीतरी पाहिलेंच पाहिजे. भिंतीच्या फटींत पिंपळाचें रोप बोटभर असतां मुळासकट उपटलें तर तें पांच मिनिटांचें काम; मूळ भिंतींत खोल शिरल्यावर गवंडी आणावा लागतो, आणि कधीं कधीं भिंतच पाडावी लागते. रोप लहान होतें तेव्हां तें घरांतील प्रत्येकानें पाहिलेलें असतें. पण तें उपटणें हें दुसऱ्याचें काम, असें प्रत्येकास वाटलेलें असतें.

दाराचा दाखला घ्या. भर पावसाळ्यांत दार चौकटींत अडकूं लागतें. उतावळा गृहस्थ श्रावणांतच रंधा घेऊन त्याची कड तासतो. लांकूड हवेंतील ओलावा शोषून रुंदीच्या अंगानें फुगतें; लांबीच्या अंगानें तें फारसें वाढत नाहीं. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली कीं तें पुन्हां आकसतें, आणि मग त्या तासलेल्या दारांतून वारा व विंचू दोघेही सुखानें आंत येतात. जाणता सुतार सांगतो कीं प्रथम बिजागरीचे सैल स्क्रू आवळा, कडेस मेण किंवा कोरडा साबण चोळा, आणि रंधा लावणें भागच असेल तर तो कोरड्या दिवसांत, बेतानें लावा. घरांतील माणसेंही अशींच दिवसमानानें फुगतात. आजारपण, परीक्षा, कर्ज, नोकरीची चिंता अशा दिवसांत बाप, सून, तरुण मुलगा यांपैकीं कोणीतरी चौकटींत अडकतेंच. त्या दिवसांत बोललेला तिखट शब्द म्हणजे श्रावणांत लावलेला रंधा. जें तासलें गेलें तें पुन्हां चिकटवितां येत नाहीं.

नळाचें पाहा. दर सेकंदास एक थेंब गळणारा नळ दिवसाकांठीं ८६,४०० थेंब सांडतो. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरिला तरी तें पाणी ४ लिटरांहून अधिक होतें. जेथें कित्येक कुटुंबांस टँकरचें पाणी विकत घ्यावें लागलें आहे, तेथें हा हिशेब प्रत्येक गृहिणीस समजण्यासारखा आहे. बहुधा दोष एका लहानशा वायसरचा असतो. मुख्य नळ बंद करावा, पकडीनें नळाचें डोकें सोडवावें, झिजलेला वायसर काढून त्याच मापाचा नवा बसवावा. बारा वर्षांच्या मुलास किंवा मुलीस हें एकदां शेजारीं उभें करून दाखविलें तर तें जन्मभर विसरत नाहीं.

शिवणकामाविषयीं दोन शब्द. आईनें जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी, बटण लावलेला सदरा, रफू केलेली चादर, या कामास कोणी कारागिरी म्हणत नाहीं. कारण तें रात्रीं, सर्व निजल्यावर, निमूटपणें होतें. बाप खिळा ठोकतो तेव्हां घर दणाणतें. आई टांका घालते तेव्हां आवाज होत नाहीं. म्हणून मुलग्यांनीं सुई धरावयास शिकावें आणि मुलींनीं हातोडा धरावयास, असें आमचें स्पष्ट मत आहे.

मात्र घरगुती दुरुस्तीस मर्यादा आहेत. विजेच्या कामास हात घालण्यापूर्वीं मुख्य बटण बंद केलेंच पाहिजे. पाटीवरील खटका वारंवार पडूं लागला तर तो दांडगाईनें वर करूं नये. तो पडतो म्हणजे कोठें तरी धोका आहे असें तो सांगतो, आणि तो दोष जाणत्यासच शोधूं द्यावा. गॅसचा वास आला तर विजेचें एकही बटण दाबूं नये. रेग्युलेटर बंद करून दारें-खिडक्या उघडाव्या आणि वितरकाकडील मनुष्य बोलवावा. उंच छपरावर एकट्यानें कधींही चढूं नये. जेथें कारागीर लागतो तेथें त्यास सन्मानानें बोलवावें आणि त्याची मजुरी घासाघीस न करितां द्यावी. पोप तेरावे लिओ यांनीं सन १८९१ च्या आपल्या परिपत्रकांत कामगाराच्या न्याय्य वेतनाचा जो कैवार घेतला, तो केवळ गिरण्यांच्या मालकांसाठीं नव्हे. तो आपल्या ओसरीवर बसलेल्या सुतारास व कल्हईवाल्यासही लागू आहे. सन १९५५ मध्यें पोप बारावे पायस यांनीं १ मे हा दिवस श्रमिक संत योसेफाचा सण म्हणून ठरविला. ज्यानें एखादें दार स्वतः बसवून पाहिलें आहे, तो सुताराच्या घामाची किंमत इतरांपेक्षां अधिक जाणतो.

हल्लीं वस्तु मोडली कीं टाकून द्यावी आणि नवी आणावी, हा प्रघात पडला आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीं सन २०१५ च्या आपल्या परिपत्रकांत या टाकाऊ वृत्तीविरुद्ध साऱ्या जगास सावध केलें. आपल्या सरकारनेंही डिसेंबर २०२२ मध्यें ग्राहकांच्या दुरुस्तीच्या हक्कासाठीं एक संकेतस्थळ सुरू केलें. म्हणजे जी गोष्ट आपल्या आज्या सहज जाणत होत्या, ती आतां सरकारास सांगावी लागते. पण आम्हांस वस्तूंपेक्षां अधिक भय माणसांचें वाटतें. जें मूल प्रत्येक मोडलेली वस्तु कचऱ्यांत जातांना पाहतें, तें पुढें मोडलेल्या मैत्रीचें, रुसलेल्या भावाचें, थकलेल्या आईबापांचें काय करील? उलट ज्या मुलानें बापाच्या शेजारीं तासभर बत्ती धरून एका खुर्चीचा पाय सांधलेला पाहिला, त्यास एवढें तरी समजतें कीं मोडलें म्हणजे संपलें असें नव्हे.

येथें आम्हांस एक दुःखाची गोष्ट बोलणें भाग आहे. आपल्या वाड्यांवाड्यांतून अशीं घरें आहेत कीं जेथील मुलें आखातांत, कॅनडांत किंवा मुंबईच्या दूरच्या उपनगरांत आहेत आणि घरीं केवळ म्हातारीं माणसें राहतात. मुलें पैसे पाठवितात. त्यांस आम्ही दोष देत नाहीं. पण पैसा शिडीवर चढत नाहीं. जुलैच्या रात्रीं छपरांतून गळणाऱ्या पाण्याखालीं परात ठेवून जपमाळ हातांत घेऊन बसलेल्या विधवेस बँकेंतील रक्कम त्या रात्रीं उपयोगीं पडत नाहीं. तिला शेजाऱ्याचा हात पाहिजे.

म्हणून ज्युबिलीच्या या वर्षीं आम्ही तीन गोष्टी सुचवितों. पहिली, प्रत्येक घरांत एक लहानशी पेटी असावी: हातोडा, पकड, पेचकस, थोडे खिळे व स्क्रू, दोन-चार वायसर, सुतळी, तेलाची कुपी आणि सुई-दोरा, आणि ती कोठें आहे हें घरांतील प्रत्येकास ठाऊक असावें. दुसरी, महिन्यांतून एका शनिवारीं सायंकाळच्या जपमाळेपूर्वीं एक तास सर्वांनीं मिळून घराची पाहणी करावी. मोबाइल फोन त्या वेळीं बाजूस ठेवावे, आणि जें मोडलें आहे त्यांतील एक तरी काम त्याच दिवशीं पुरें करावें. त्या तासांत बापानें मुलास चुकूं द्यावें. वांकडा ठोकलेला खिळा उपटून पुन्हां ठोकतां येतो. तिसरी, धर्मग्रामांतील तरुणांनीं दरसाल मे महिन्याच्या मध्यास एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरांची यादी करावी, आणि मृग लागण्यापूर्वीं जाणत्या कारागिराच्या देखरेखीखालीं त्यांचीं छपरें, पन्हळी व नळ पाहून यावे. या कामास मोठी वर्गणी लागत नाहीं. दहा-बारा हात आणि चार रविवार लागतात.

बंधुभगिनींनो, आपल्या पूर्वजांनीं हें ख्रिस्तमंदिर उभारलें, त्याचा आज आपणांस अभिमान वाटतो आणि तो योग्यच आहे. परंतु पुढील ज्युबिलीच्या दिवशीं जीं मुलें येथें बसतील, तीं भिंतीवरील रंग पाहून आपली परीक्षा करणार नाहींत. आपल्या घरीं मोडलेल्या वस्तूचें आणि मोडलेल्या मनाचें काय होत असे, हें त्यांच्या ध्यानांत राहील. नासरेथच्या त्या पवित्र कुटुंबानें आपल्या प्रत्येक घरावर कृपादृष्टि ठेवावी, संत योसेफानें आपल्या हातांस कौशल्य आणि आपल्या जिभेस संयम मिळवून द्यावा, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतों.