पॅरेंट आधी, पण अलार्म नंतर: सबक्लासचे कन्स्ट्रक्टर

सबक्लासचा ऑब्जेक्ट बनवताना पॅरेंटचा कन्स्ट्रक्टर आधी चालतो, हे बीटेकच्या परीक्षेत आपण सगळ्यांनीच लिहिलेलं आहे. पण या क्रमात एक खड्डा आहे. आज त्याबद्दल बोलू, आणि उदाहरण आपल्या महाड एमआयडीसीतलंच घेऊ.

इथे केमिकल प्लांट भरपूर. बिरवाडीहून किंवा पोलादपूरहून शिफ्टला येणाऱ्या एखाद्या ऑपरेटरला विचारा, रिॲक्टरमध्ये माल टाकण्याआधी काय बघता? जॅकेटला कूलिंग वॉटर चालू आहे का, स्टिरर फिरतोय का. उष्णता सोडणाऱ्या रिॲक्शनला हा क्रम चुकवून चालत नाही. कन्स्ट्रक्टरचं कामही हेच. ऑब्जेक्ट कुणाच्या हातात पडण्याआधी तो पूर्ण तयार हवा.

आता समजा, तापमानावर लक्ष ठेवणारा प्रोग्रॅम आपण जावात लिहितोय. ‘उपकरण’ हा पॅरेंट क्लास, त्यात टॅग नंबर आणि सेन्सर. ‘रिॲक्टर’ हा सबक्लास, त्याचं स्वतःचं फील्ड म्हणजे कमाल तापमान. कन्स्ट्रक्टरला आपण १४० दिले. पॅरेंटच्या कन्स्ट्रक्टरमध्ये शेवटच्या ओळीला सोय म्हणून ‘अलार्म लावा’ ही मेथड कॉल केलीय, आणि रिॲक्टरने ती ओव्हरराइड केलीय.

वाचताना काहीच खटकत नाही. पण जावा सुरुवातीला सगळ्या फील्डमध्ये शून्य किंवा नल ठेवते. मग पॅरेंटचा कन्स्ट्रक्टर चालतो, तो मेथड कॉल करतो, आणि प्रत्यक्षात चालते सबक्लासची मेथड. त्या क्षणी १४० भरलेलेच नाहीत! अलार्म लागतो शून्य अंशावर.

कंपायलर गप्प. एररही नाही. अलार्म सतत वाजत राहतो, मग वैतागून कोणीतरी तो म्यूट करतो. किंवा ‘मर्यादा शून्य म्हणजे अलार्म नको’ असं कुणी आधीच लिहून ठेवलं असेल, तर तो कधीच वाजत नाही. हे जास्त धोक्याचं.

भाषा बदलली की वागणं बदलतं. सी प्लस प्लसमध्ये त्या वेळी पॅरेंटचीच मेथड चालते, म्हणजे रिॲक्टरची मर्यादा विचारातच येत नाही. पायथनमध्ये सबक्लासचा स्वतःचा इनिट लिहिला आणि त्यात सुपरचा इनिट कॉल केला नाही, तर पॅरेंटचा भाग चालतच नाही. टॅग नंबर मागितला की ॲट्रिब्यूट एरर येते. तिथे निदान आरडाओरडा तरी होतो.

मग करायचं काय? कन्स्ट्रक्टरमध्ये फक्त फील्ड भरा आणि आलेल्या किमती तपासा. ओव्हरराइड होऊ शकेल अशी मेथड तिथून कॉल करू नका. अलार्म लावणं, सेन्सर जोडणं ही कामं ऑब्जेक्ट पूर्ण बनल्यावर. कुणी ती विसरू नये म्हणून एक स्टॅटिक फॅक्टरी मेथड ठेवा: ती ऑब्जेक्ट बनवेल, अलार्म लावेल आणि मगच तो बाहेर देईल.

जावा २५ पासून सुपरच्या कॉलआधी सबक्लासला स्वतःची फील्ड भरता येतात. मदत नक्कीच आहे, पण पुढचा सबक्लास लिहिणारा ते करेलच याची खात्री पॅरेंटला नसते.

तेव्हा आज आपल्या प्रोजेक्टमधले पॅरेंट क्लास उघडा. कन्स्ट्रक्टरमधून कुठली मेथड कॉल होतेय, आणि ती प्रायव्हेट किंवा फायनल आहे का, एवढंच बघा. भेटू पुढच्या भागात.