समेट का फिसकटतो?

(आहुपे येथे विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही शाळा फार शिकलो नाही. पाळी सुटल्यावर जे वाचलं, तीच आमची विद्या. पण गिरणीत एक गोष्ट पक्की कळली. वर तडजोड झाली आणि साच्यावरच्या माणसाला विचारलंच नसेल, तर ती कागदावरच राहते.

जातीजमातींच्या भांडणातही हेच होतं. २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्याच वर्षी रामाच्या रथोत्सवात समेट ठरला, की दोन्ही बाजूंनी मिळून रथ ओढायचा. आपली माणसं दोराला हात लावणार, तोच सनातन्यांनी रथ पळवला. दगडफेक झाली. शब्द देणारे वेगळे, दोर धरणारे वेगळे! शिवाय समेट रथापुरताच होता. मंदिराचं दार बंदच होतं. मूळ दुखणं बाजूला ठेवून केलेला समेट टिकणार कसा? शेवटी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली.

पण दुसऱ्यांनाच बोल लावून चालणार नाही. श्रीलंकेत बौद्ध बहुसंख्य. तिथं १९५७ साली पंतप्रधान भंडारनायके आणि तामिळ नेते चेल्वनायकम यांनी करार केला. तामिळ भाषेला स्थान आणि प्रादेशिक मंडळांना अधिकार द्यायचे ठरले. १९५८ साली भिक्खूच पंतप्रधानांच्या दारात धरणं धरून बसले आणि करार मोडला. पुढं १९८३ पासून २००९ पर्यंत युद्ध झालं. हे सांगताना आमची मान खाली जाते. वरचढ माणसाला वाटून खायला सांगितलं, की लुटल्यासारखं वाटतं. मग तो रामाचा भक्त असो की बुद्धाचा.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा दिला आहे. सिद्धार्थ म्हणाले, शाक्यांचे दोन, कोलियांचे दोन आणि त्या चौघांनी निवडलेला पाचवा, यांनी निवाडा करावा. संघाच्या बहुमतानं ते नाकारलं.

आपल्या डोंगरात पावसाळाभर धो-धो पाऊस, अन् उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी पायपीट. तंटे होणारच. मिटवायला बसाल तेव्हा हंडा वाहणाऱ्या बाईला आधी बसवा, आणि आपल्याच माणसाला ‘तुझं चुकलं’ म्हणायची हिंमत ठेवा.

एवढं बोलून आम्ही थांबतो. जयभीम! नमो बुद्धाय!