उलटलेला टँकर आणि आपली घागर



बीड जिल्ह्यात 'टँकर' म्हटले की प्रथम डोळ्यांपुढे येतो तो पाण्याचा टँकर. दुष्काळाच्या वर्षी त्याचा भोंगा वाजला की बायामाणसे हंडे, घागरी, डबे घेऊन धावतात. जो मागे राहिला त्याची घागर रिकामी राहिली. २०१६ च्या उन्हाळ्यात हे आपण सर्वांनी पाहिले आहे. आज आम्ही बोलणार आहोत ते दुसऱ्या टँकरविषयी. पण या धावण्याच्या सवयीचा त्याच्याशी संबंध आहे, म्हणून आरंभीच तिचा उल्लेख केला.

धुळ्याहून सोलापूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२ आपल्या जिल्ह्यातून गेवराई, बीड, मांजरसुंबा, चौसाळा असा जातो. पेट्रोल, डिझेल, गॅस यांच्या टाक्या त्यावरून रात्रंदिवस धावतात. त्यांपैकी एखादी उलटली, तर बंब शहरातून निघून तेथे पोहोचेपर्यंतचा वेळ सर्वस्वी जवळच्या गावकऱ्यांच्या हाती असतो. त्या वेळात काय घडू शकते?

२५ जून २०१७ रोजी पाकिस्तानात बहावलपूर जिल्ह्यातील अहमदपूर शर्किया येथे कराचीहून लाहोरकडे निघालेला पेट्रोलचा टँकर उलटला. आसपासच्या वस्त्यांतील माणसे बादल्या, बाटल्या, कॅन घेऊन धावली. थोड्या वेळाने भडका उडाला आणि दोनशेंहून अधिक माणसे प्राणास मुकली. त्यांना हावरे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ज्याच्या घरी तेलाचा थेंबही मोजून वापरला जातो, त्याला मातीत वाहून जाणारे तेल वाया चाललेली लक्ष्मी वाटते. ही बुद्धी गरिबी शिकवते, आणि आपल्याकडे ती कमी आहे असे कोणी म्हणू नये.

यात फसवणूक होते ती डोळ्यांची. आपल्याला दिसते ते सांडलेले द्रव. पेटते ती त्याची न दिसणारी वाफ. ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती वर उडून जात नाही. जमिनीलगत सरपटते, नाल्यात, गटारात, खळग्यात साचते. शून्याखाली चाळीस अंशांच्या थंडीतही ती पेटू शकते, मग आपल्या वैशाखाचे काय सांगावे! हवेत शेकडा दीड भाग वाफ मिसळली तरी पुरे. विडीची ठिणगी, मोटारसायकलची किक, रस्त्यावर घासलेला पत्रा, यांतले काहीही तिला चालते. डिझेल इतके उतावळे नसते. पण उलटलेल्या टाकीत काय आहे हे लांबून कोण ओळखणार?

ते ओळखण्याची सोय आहे. अशा वाहनांवर धोक्याची पाटी लावणे कायद्याने आवश्यक आहे. तिच्यावर पदार्थाचा चार आकडी क्रमांक असतो: पेट्रोलचा १२०३, डिझेलचा १२०२, स्वयंपाकाच्या गॅसचा १०७५. ११२ वर दूरध्वनी करताना ठिकाण आणि, लांबून वाचता आला तरच, हा क्रमांक सांगावा. म्हणजे कोणती तयारी करून निघायचे हे बंबवाल्यांना आधीच कळते.

पेट्रोलवर नुसते पाणी मारणे धोक्याचे आहे. पेट्रोल पाण्यावर तरंगते आणि आग पाण्याबरोबर पुढे वाहते. म्हणून जवान फेसाचा थर पसरून वाफ दाबतात, वाहते तेल मातीचा बांध घालून अडवतात, आणि नंतर उरलेले दुसऱ्या टाकीत उतरवून घेतात. हा बांध विहिरींसाठीही हवा. तेल ओढ्यात उतरले तर पाण्याला हपापलेल्या शिवारातील विहिरी नासतात.

१३ जून २०२३ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खंडाळ्याजवळच्या पुलावर टँकर उलटून पेटला. जळते द्रव पुलाखालच्या रस्त्यावर ओघळले. चौघांचे प्राण गेले, आणि खालून जाणाऱ्यांवरही आग कोसळली. पुलाखाली उभे राहून वर पाहणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

तेव्हा करायचे ते थोडकेच आहे. वारा आपल्याकडून टँकरकडे वाहत असेल त्या बाजूला, शक्य तर चढावर, दूर जावे. टाकी पेटली असेल तर निदान ८०० मीटर, आणि गॅसची असेल तर १६०० मीटर अंतर ठेवावे. तापलेली गॅसची टाकी फुटली तर तिचे तुकडे लांबवर उडतात. दोन्ही बाजूंची वाहने दुरूनच थांबवून इंजिने बंद करायला लावावी. चालक अडकला असेल तर जीव तुटतो हे खरे. पण तेल सांडलेले असताना दहाजणांनी आत शिरणे म्हणजे एका जिवापायी दहा जीव टांगणीला लावणे होय.

महामार्गालगतच्या प्रत्येक गावाने ग्रामसभेत एकदा हा विषय घ्यावा, शाळेत मुलांना हे चार आकडे शिकवावे, आणि गर्दी कोणी थांबवायची याची माणसे आधीच नेमावी. ऐन वेळी गर्दी परक्याचे ऐकत नाही. आपल्या गावच्या मास्तरांचे, सरपंचांचे, एखाद्या म्हातारीचे ऐकते. पाण्याच्या टँकरमागे धावण्याची पाळी आपल्यावर दैवाने आणली आहे. दुसऱ्या टँकरमागे धावण्याची पाळी मात्र आपण स्वतःवर आणू नये, एवढीच आमची विनंती आहे.