लायरा, रॉजर आणि एक सुका मासा

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण. संपादक मंडळाच्या आग्रहावरून लिहून दिले आहे.)



संयोजकांचा मला फोन आला तेव्हा त्यांचं म्हणणं होतं, ‘तू कॉम्प्युटरवाली, तेव्हा एआयवर दहा मिनिटं बोल.’ मी म्हटलं, ते मी रोज ऑफिसात ऐकते, सुट्टीच्या दिवशी नको. मग आवडलेल्या एका पुस्तकावर बोलायचं ठरलं. ज्यांचं लक्ष मागच्या अंगणाकडे आहे त्यांना सांगते, पोपटी अजून लावलेली नाही. मी आत्ताच बघून आले. वालाच्या शेंगा धुऊन ठेवल्यात, भांबुर्ड्याचा पाला यायचाय. तेव्हा मला वेळ आहे.

पुस्तकाचं नाव ‘नॉर्दर्न लाइट्स’, लेखक फिलिप पुलमन. ते प्रसिद्ध झालं १९९५ साली, म्हणजे आपण बोर्डाचे पेपर दिले त्याच वर्षी. तेव्हा अर्थातच आपल्याला त्याचा पत्ता नव्हता. मी ते वाचलं चाळिशीत, मुलीला रात्री वाचून दाखवताना. रोज एक प्रकरण ठरलं होतं. पुढे पुढे ती झोपून जायची आणि मी दिवा बारीक करून पुढचं प्रकरण एकटीच वाचायचे.

गोष्ट थोडक्यात सांगते. त्या जगात माणसाचा आत्मा शरीराच्या बाहेर असतो, प्राण्याच्या रूपात. तो सतत सोबत राहतो, बोलतो, भांडतो. लहान मुलांचा प्राणी रूपं बदलतो, घडीत पाखरू तर घडीत मांजर. मूल मोठं झालं की त्याचं एकच रूप कायम होतं. माणसाने त्याच्यापासून लांब जायचं म्हटलं तर दोघांच्याही काळजात कळ येते. लायरा ही अकरा-बारा वर्षांची मुलगी ऑक्सफर्डच्या एका कॉलेजात, म्हाताऱ्या प्राध्यापकांच्या गराड्यात उंडारत वाढलेली. खोटं बोलण्यात पटाईत. तिचा मित्र रॉजर, त्याच कॉलेजच्या स्वयंपाकघरात काम करणारा पोऱ्या. मुलं पळवणारी एक टोळी असते, ती रॉजरला पळवते आणि लायरा त्याला सोडवायला उत्तर ध्रुवाकडे निघते. ऐन हिवाळ्यात, जिथे दिवस उगवतच नाही अशा मुलखात.

आपल्याला हिवाळा म्हणजे काय माहीत? पौषात पहाटे दोन दिवस शाल लागली की आपण म्हणतो, यंदा थंडी फार. माझ्या मुलीने विचारलं, बर्फात नाकातला श्वास गोठतो म्हणजे काय होतं? मला सांगता येईना. पण वाट अवघड असणं आपल्याला कळतं. आठवीच्या सहलीत सरांनी रायगडावर हिरकणी बुरुजाच्या कडेला उभं करून खाली बघायला लावलं होतं. घरी तान्हं बाळ, गडाचे दरवाजे बंद, म्हणून रात्री कडा उतरलेली गवळण. आख्यायिका असेल, पण तो कडा खरा आहे आणि माझे पाय तिथे लटपटले होते. हिरकणी बाळापर्यंत पोचली आणि तिच्या नावाचा बुरुज झाला. लायराची गोष्ट तशी संपत नाही, म्हणून तर ती मला सोडत नाही.

त्या प्रवासात खूप काही आहे. चिलखत घालणारं पांढरं अस्वल, नावांवर राहणारे लोक, टेक्ससचा फुगेवाला. ज्यांना साहस हवं त्यांनी त्यासाठीही वाचावं. मी एकाच प्रसंगापाशी थांबते. एका रात्री लायरा त्या अस्वलाच्या पाठीवर बसून एका गावात जाते आणि मासळी ठेवायच्या कोठारात तिला एक मुलगा सापडतो. टोनी नावाचा, लंडनच्या गल्लीतला, कपभर गरम चॉकलेटच्या लोभाने पळवला गेलेला. त्याचा प्राणी त्याच्यापासून कापून काढलेला आहे. आणि त्या पोराने छातीशी काय धरलंय? एक सुका मासा. हरवलेल्या प्राण्याच्या जागी. तो पुन्हा पुन्हा आपल्या प्राण्याचीच चौकशी करतो. लायरा त्याला मुक्कामाला आणते, पण सकाळपर्यंत तो मरतो. आणि मोठ्या माणसांपैकी कोणीतरी तो मासा कुत्र्यांना टाकून दिलेला असतो. दुष्टपणाने नाही. त्याला तो नुसता मासा वाटला. लायरा अशी काही चवताळते की बाप्ये मागे सरतात. मग ती एका सोन्याच्या नाण्यावर त्याच्या प्राण्याचं नाव कोरते आणि ते त्या मुलाच्या तोंडात ठेवते.

हे पान मी मुलीला वाचून दाखवू शकले नाही. तिला वाटलं, मला झोप आली. मला दिसत होता तो आपला नववीचा वर्ग आणि त्यातलं एक दप्तर. त्या दप्तराला सुकटीचा वास यायचा. कोळीवाड्यातून येणारी आपली मैत्रीण सकाळी आईबरोबर जबड्यात जबडा अडकवून बोंबील दोरीवर टांगून मग शाळेत यायची. आपण नाक दाबायचो. मी पण दाबायचे, माझं नाक काही वेगळं नव्हतं. आणि रविवारी आपल्याच घरी तेच बोंबील भाजून, कांदा घालून, बोटं चाटत खायचो. नाव घेत नाही. तुमच्यातल्या बऱ्याच जणींना कळलं असेल.

आता पुस्तकाचा शेवट सांगणार आहे. पुस्तक तीस वर्षांचं झालं, त्यामुळे लेखक रागावणार नाही. लायराकडे एक यंत्र असतं, घड्याळासारखं. कडेने छत्तीस चित्रं. तीन काटे आपण फिरवून प्रश्न मांडायचा, चौथा काटा आपोआप फिरून उत्तर देतो. विद्वानांना ते वाचायला ग्रंथ लागतात, तिला नुसतं बघून कळतं. माझं पोट अशाच प्रश्न-उत्तरांवर चालतं, त्यामुळे या यंत्रावर माझा फार जीव जडला. ते कधी खोटं बोलत नाही. त्याच्याकडून तिला कळतं की उत्तरेत कैदेत असलेल्या तिच्या बापाला काहीतरी हवंय आणि ते ती घेऊन जाणार आहे. तिला वाटतं, हे यंत्रच त्याला हवंय. ती रॉजरला सोडवते, त्याला बरोबर घेते आणि बर्फ तुडवत बापाच्या दारात जाऊन उभी राहते. तिला बघून बाप हादरतो. मग त्याची नजर तिच्या मागे उभ्या असलेल्या रॉजरवर जाते आणि तो शांत होतो. त्याला दुसऱ्या जगाचं दार उघडायचं असतं आणि त्यासाठी एक मूल हवं असतं. यंत्र खोटं बोललं नव्हतं. रॉजरला सुरीपर्यंत नेऊन पोचवलं ते लायरानेच, त्याला वाचवता वाचवता. सिनेमा याच्या अलीकडेच थांबतो. २००७ चा तो सिनेमा आम्ही घरी बघितला तेव्हा मुलगी म्हणाली, ‘आई, शेवट कुठे गेला?’

दहावीच्या वर्षी, डिसेंबरात, त्या मैत्रिणीने मला मधल्या सुट्टीत सुरूच्या बनात नेलं आणि सांगितलं की घरी तिच्यासाठी स्थळ बघतायत. बोर्डाचा फॉर्म भरलेला होता. ती म्हणाली, मार्चपर्यंत मी तोंड उघडणार नाही, पेपर देते, मग काय ते बोलते. कोणाला सांगू नकोस. तिचा हिशोब पक्का होता. मी त्याच रात्री आईला सांगितलं. मला वाटलं, मोठी माणसं काहीतरी करतील, हे लग्न थांबवतील. माझी आई सकाळीच तिच्या आईकडे समजूत घालायला गेली, अगदी चांगल्या मनाने. संध्याकाळपर्यंत गोष्ट सगळ्या आळीत झाली. घरची अब्रू चव्हाट्यावर आली म्हणून चार दिवसांत तिला मामाकडे धाडलं. तिने पेपर दिले नाहीत. मी दिले, बऱ्यापैकी मार्क मिळाले, इंजिनिअरिंगला गेले. बेंचवर माझ्या शेजारची जागा मार्चपर्यंत रिकामी होती. ती का रिकामी झाली ते मी तुम्हाला कोणाला सांगितलं नाही. आज सांगते.

या मालिकेच्या तिसऱ्या पुस्तकात, ‘द अंबर स्पायग्लास’मध्ये, लायरा मेलेल्यांच्या देशात जाते. रॉजरला शोधायला आणि त्याची माफी मागायला. सगळे तिला जाऊ नको म्हणतात. जाताना तिला आपला प्राणी काठावर सोडून जावं लागतं, आणि ती तेही करते.

मला एवढं लांब जायची गरज नव्हती. आपल्या बाजारापर्यंत जायचं होतं, आणि त्याला मला तीस वर्षं लागली. काल दुपारी गेले. ती सोडे मोजत होती. मला बघून म्हणाली, ‘कवा आयलीस गो?’ जणू गेल्या आठवड्यात भेटलो होतो. बाजारात तिचा शब्द चालतो, दोन बायका तिच्या हाताखाली आहेत, मुलगा बोटीवर जातो आणि मुलगी नर्सिंग करते. मी मनात जी बिचारी घेऊन गेले होते ती तिथे नव्हतीच. खरं म्हणजे इतकी वर्षं तिला बिचारी समजण्यात माझाच मोठेपणा होता. तिने अर्धा किलो सोडे बांधून दिले, पैसे घेतले नाहीत. गिऱ्हाइकं येत होती. जे सांगायला गेले होते ते राहूनच गेलं. मी मेळाव्याचं विचारलं तर म्हणाली, मला कोणी बोलावलं नाही.

ते खरं आहे. संयोजकांवर राग नाही, त्यांनी यादी दहावीच्या निकालाच्या रजिस्टरवरून केली, दुसरीकडून कुठून करणार? पण पुढच्या वेळी आठवीच्या हजेरीपटावरून करा. मी टाइप करून देईन, फोन नंबरही शोधून देईन. बाईंना निम्मी नावं अजून तोंडपाठ आहेत, आत्ता चहाच्या वेळी त्यांनी मला सात-आठ सांगितली.

पुण्याची माझी गाडी रात्री आहे. बाजार सातपर्यंत असतो. पोपटी झाली की दोन दोन मूठ शेंगा कागदात बांधून मला द्या, मी इथून आधी तिकडे जाणार आहे.