उभ्या मोटारीची बॅटरी

चंद्रपूर आणि गडचिरोली या अरण्यबहुल मुलखात मोटार हे चैनीचे साधन मानण्याचे दिवस केव्हाच मागे पडले. १९८२ साली जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी तेथील अंतरे त्यामुळे काही घटली नाहीत. आलापल्लीहून भामरागडास जावयाचे म्हणजे साठ-पासष्ट किलोमीटरांचा रानातला रस्ता. आणि पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संबंध तुटल्याचे प्रसंग अनेक पावसाळ्यांत आलेले आहेत. अशा ठिकाणी आठवडाभर दारात उभी असलेली जुनी मोटार, मध्यरात्री एखाद्या बाळंतिणीस किंवा सर्पदंश झालेल्या मनुष्यास रुग्णालयात न्यावयाच्या वेळी, नुसता 'टक्' असा आवाज करून स्तब्ध राहिली, तर तो प्रकार केवळ गैरसोयीचा उरत नाही.

अशा वेळी सारा दोष येतो तो बॅटरीच्या माथी. मालक नवी बॅटरी आणतो, पंधरा दिवस सुखाचे जातात आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. वस्तुतः प्रथम ठरवावयाचे ते एवढेच की, बॅटरी स्वतः दुर्बळ झाली आहे, की तिची शक्ती कोणी चोरून नेत आहे? फ्रान्समधील गास्ताँ प्लांते याने १८५९ साली शिसे व गंधकाम्ल यांचा हा घट सिद्ध केला. तेव्हापासून त्याचा एक स्वभाव कायम आहे. तो उष्णतेने लवकर झिजतो. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर चढतो. त्या दिवसांत घटातील पाणी आटते, आतील पत्रे कुरतडले जातात आणि न वापरताही संचय ओसरू लागतो. म्हणून बॅटरी पूर्ण भारित करून, तिची तार सोडवून, दोन-तीन दिवस तशीच ठेवावी. उत्तम बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो, १२.२ म्हणजे निम्मा संचय गेला असे समजावे. सुटी ठेवूनही दाब घसरला तर बॅटरीच वृद्ध झाली. सुटी असता टिकते आणि मोटारीस जोडताच रिती होते, तर चोर मोटारीत आहे.

ही चोरी केवढी असते? डिकीतील ५ वॅटचा दिवा झाकण लावल्यावरही जळत राहिला, तर तो सुमारे ०.४ अँपिअर प्रवाह घेतो. लहान मोटारीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी त्याने साडेतीन दिवसांत रिकामी होते, आणि झाकण बंद असल्यामुळे त्याचा उजेड कोणास दिसतही नाही! घड्याळासारखी किरकोळ उपकरणे काही सहस्रांश अँपिअर घेतात, ते क्षम्य होय. परंतु ०.०५ अँपिअरहून अधिक प्रवाह जुन्या, साध्या मोटारीत सतत वाहत असेल, तर शोध घेणे भाग आहे. कारण एवढ्यानेही महिनाभरात ३५ अँपिअर-तासांचा हिशेब पुरा होतो.

शोधाचे साधन म्हणजे बाजारात मिळणारे साधे मीटर. मोटारीची किल्ली काढून, सर्व दिवे बंद करून, बॅटरीची ऋण तार सोडवावी आणि मीटर १० अँपिअरच्या मापावर ठेवून ती तार व बॅटरीचे टोक यांच्यामध्ये जोडावे. बॉनेटखाली दिवा असेल तर तो आधी काढावा. दार उघडे ठेवणे भाग असेल तर त्याची कळ चिकटपट्टीने दाबून ठेवावी, एरवी आतील दिव्यालाच चोर समजण्याचा प्रसंग येतो. मीटर जोडलेले असता सेल्फ मारू नये. त्या प्रवाहाने मीटरचा फ्यूज तत्काळ जातो. नुकत्याच भारित केलेल्या बॅटरीजवळ विडी-काडी तर मुळीच नको, तेथे हायड्रोजन वायू असतो. कित्येक कारागीर मीटरऐवजी मागच्या दिव्याचा एखादा बल्ब मध्ये जोडून पाहतात. मोठी गळती त्याने उमगते. परंतु बारीक गळतीत तो बल्ब पेटतच नाही, आणि निर्दोषत्वाचा दाखला मिळून मोटार घरी परत येते.

मीटरचा आकडा मोठा दिसला की एकेक फ्यूज काढून पाहत जावे. ज्याच्या काढण्याने आकडा कोसळतो, त्याच्या मार्गावर दोष आहे. बहुधा तो मूळ मोटारीचा नसून मागाहून बसविलेल्या वस्तूंचा निघतो: रेडिओ, धोक्याची घंटा, मोठा भोंगा, धुक्याचे दिवे. घाईने पिळून जोडलेल्या तारा, त्यावर उघडी पडलेली पट्टी आणि पावसाळ्याची ओल एवढे जुळले की प्रवाहास वाट मिळते. रानालगत उभ्या राहणाऱ्या मोटारीत उंदीर ऊब शोधीत बॉनेटखाली शिरतात व तारांचे वेष्टन कुरतडतात, तेही पाहावे. बॅटरीच्या झाकणावर साचलेली ओली धूळ व आम्लाचा थर यांतूनसुद्धा थोडी गळती होते. ते खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसावे, मात्र तो सोडा घटाच्या आत जाऊ देऊ नये.

सर्व फ्यूज काढूनही आकडा हलला नाही, तर पुष्कळ जण तेथेच हात टेकतात. जुन्या अ‍ॅम्बॅसडरमध्ये तर फ्यूज हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असत, कित्येक तारा त्यांच्यावाचूनच जात. तेव्हा संशय न्यावयाचा तो अल्टरनेटरवर. त्यातील डायोड प्रवाहास एकाच दिशेने जाऊ देतात. त्यांपैकी एखादा बिघडला की रात्रभर बॅटरी उलटी वाहू लागते. रात्रभर उभ्या असलेल्या मोटारीचा अल्टरनेटर पहाटे हातास कोमट लागला तर ती बलवत्तर खूण होय. खात्रीसाठी बॅटरीची तार सोडवून, अल्टरनेटरची जाड तार काढून, तिचे टोक चिकटपट्टीने गुंडाळावे व मीटर पूर्ववत् जोडावे. आकडा शून्याजवळ आला की डायोड बदलून घ्यावे. दुरुस्तीनंतर मात्र कारागिराच्या शब्दावर न विसंबता त्याच्यासमोरच पुन्हा प्रवाह मोजावा, आणि दुसऱ्या पहाटे सेल्फ मारण्यापूर्वी बॅटरीचा दाबही एकवार पाहावा.