सुखाची गोळी

अल्डस हक्सले यांची ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ ही कादंबरी 1932 साली प्रसिद्ध झाली. तिच्यातल्या जगात युद्ध नाही, उपासमार नाही. मुलं बाटल्यांत वाढतात, आल्फा ते एप्सिलॉन हे पाच वर्ग जन्माआधीच ठरतात आणि झोपेत ऐकवलेल्या वाक्यांमुळे जो तो आपल्या कामावर खूश असतो. तरीही मन खट्टू झालंच, तर ‘सोमा’ची गोळी हजर! या स्थैर्यासाठी कुटुंब, धर्म, अभिजात साहित्य आणि मुक्त संशोधन यांवर पाणी सोडावं लागतं. या जगाबाहेर शेक्सपिअर वाचून वाढलेला जॉन मात्र दुःखी होण्याचाही हक्क मागतो. ऑर्वेलच्या ‘1984’ या कादंबरीत सत्ता माणसाला भीतीनं वाकवते, इथे सुखानं. सुखाची बेडी तोडावीशीच वाटत नाही, म्हणून ती अधिक घातक.