सात वर्षांच्या मुलाला बापाचं पत्र

आज तुमच्याशी बोलणार आहे ते एका पत्राविषयी. दिवस ३० एप्रिल १४५०. पत्र लिहिणारा इंग्लंडचा ड्यूक ऑफ सफोक, विल्यम द ला पोल. देशातून त्याला पाच वर्षांसाठी हद्दपार केलेलं आहे, गलबत तयार आहे आणि निघण्यापूर्वी तो आपल्या एकुलत्या एका मुलाला लिहायला बसला आहे. मुलाचं नाव जॉन, वय सात. पत्राची नक्कल आजही वाचायला मिळते. देवाला भिऊन राहा, राजाशी जिवापाड इमान राख, आईचा शब्द कधी मोडू नकोस, तोंडपुज्यांच्या नादी लागू नकोस, असं बाप सांगतो आहे. शहाणा बाप मुलाला जे सांगेल तेच. आणि तरीही ते वाचताना गळा दाटून येतो, कारण लिहिणाऱ्याचे दोनच दिवस उरले होते.

हे घराणं मुळात सरदारांचं नव्हे. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हल नावाचं बंदर आहे. चौदाव्या शतकात तिथे पोल नावाचे व्यापारी होते. त्यांचा मुख्य धंदा लोकरीचा. त्या काळी इंग्लंडची श्रीमंती मेंढ्यांच्या पाठीवर होती. इथली लोकर फ्लँडर्सच्या विणकरांकडे जाई आणि तिच्यावरच्या जकातीवर राजाचा खजिना भरे. तिसऱ्या एडवर्ड राजाने फ्रान्सशी युद्ध काढलं, तेव्हा त्याला रोख पैसा हवा होता. या ड्यूकचा पणजोबा, त्याचंही नाव विल्यमच, राजाचा सावकार झाला. दोनेक वर्षांत त्याने एक लाख पौंडांहून अधिक रक्कम राजासाठी उभी केली. त्याबद्दल मानमरातब मिळाला, आणि १३४० मध्ये त्याच राजाने त्याला अटकही केली. राजाला कर्ज देणाऱ्याचं सगळं राजाच्या मर्जीवर असतं, हे या घराण्याला पहिल्याच पिढीत कळायला हवं होतं.

त्याचा मुलगा मायकेल दुसऱ्या रिचर्डचा चॅन्सेलर झाला आणि १३८५ मध्ये अर्ल ऑफ सफोक. व्यापाऱ्याच्या मुलाला अर्ल केलं, हे जुन्या सरदारांना सहन झालं नाही. पुढच्याच वर्षी पार्लमेंटने त्याच्यावर महाभियोग चालवला. तो फ्रान्सला पळाला आणि १३८९ मध्ये पॅरिसमध्ये वारला. दहा वर्षांत किताब पुन्हा मुलाकडे आला. त्यानंतरचं १४१५ साल या घराण्यावर फार कठोर गेलं. सप्टेंबरमध्ये हा दुसरा अर्ल फ्रान्समधल्या हार्फ्लरच्या वेढ्यात हगवणीने मेला. पाच आठवडे होतात न होतात तोच अ‍ॅजिनकोर्टच्या रणात त्याचा थोरला मुलगा, तिसरा अर्ल, पडला. त्या लढाईत इंग्रजांकडचे बडे सरदार फार थोडे कामी आले, त्यांत हा एक. किताब धाकट्याकडे आला. हाच आपला पत्र लिहिणारा विल्यम. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता.

विल्यम पुढे पंधरा वर्षं फ्रान्समध्ये लढत राहिला. जोन ऑफ आर्कने ऑर्लेआँचा वेढा उठवला, तेव्हा इंग्रजांचा सेनापती तोच होता, आणि महिन्याभराने जार्जो इथे तो कैद झाला. सुटकेसाठी वीस हजार पौंड भरल्याचं त्याने स्वतः पार्लमेंटला सांगितलं आहे. घरी परतल्यावर त्याने लग्न केलं ते ॲलिस चॉसरशी. होय, कवी जेफ्री चॉसरची ही सख्खी नात.

सहावा हेन्री भोळा आणि दुबळा राजा. त्याच्या दरबारात विल्यम सर्वेसर्वा झाला. फ्रान्सशी तह व्हावा म्हणून त्याने राजाचं लग्न अँजूच्या मार्गारेटशी जुळवलं. १४४८ मध्ये तो ड्यूक झाला. तोवर ड्यूक हा किताब बहुतेक राजाच्या रक्तामांसाच्या माणसांनाच मिळत असे. लोकरीच्या व्यापाऱ्याचा पणतू तिथवर पोचला. मात्र तह टिकला नाही. १४४९ मध्ये रुआं गेलं, नॉर्मंडी हातची निसटली, आणि लोकांनी सगळं खापर सफोकच्या डोक्यावर फोडलं. माझ्या मते त्याचे दोष होते, लोभही होता. पण हरण्याजोगं युद्ध हरल्याचं पाप एकट्याचं नव्हतं. त्याच्यावर खटला उभा राहिला. त्यातला एक आरोप त्या चिमुकल्या जॉनविषयीचा होता. जॉनचं लग्न मार्गारेट बोफर्ट नावाच्या राजवंशातल्या बालिकेशी लावून बाप मुलासाठी गादी बळकावू पाहतो आहे, असं कॉमन्स सभेचं म्हणणं. हे लग्न पुढे तीन वर्षांनी रद्द झालं. त्या मुलीचं नाव मात्र लक्षात ठेवा.

राजाने खटला निकालापर्यंत जाऊ दिला नाही, हद्दपारीवर भागवलं. याला मोठा अर्थ होता. राजद्रोह शाबीत झाला असता तर रक्तच डागाळलं असं मानून मुलाबाळांचे किताब आणि जमिनी सरकारजमा झाल्या असत्या. निकाल लागला नाही, म्हणून जॉनचं ड्यूकपद वाचलं.

बाप वाचला नाही. निकोलस ऑफ द टॉवर नावाच्या जहाजाने समुद्रात त्याला गाठलं. डेकवर पाऊल ठेवताच 'ये, द्रोह्या' असं म्हणून त्याचं स्वागत झालं. २ मे रोजी त्याला एका लहान होडीत उतरवून, गंजलेल्या तलवारीने, पाच-सहा घावांत डोकं उडवलं. अंगावरचा झगा आणि मखमली अंगरखा काढून घेतला आणि धड डोव्हरच्या वाळूत टाकून दिलं. ही बातमी ज्याने पत्राने आपल्या मित्राला कळवली, तो लिहितो की हा कागद माझ्या आसवांनी इतका भिजला आहे की तुम्हाला जेमतेमच वाचता येईल.

आता त्या सात वर्षांच्या मुलाकडे वळू. राजाशी इमान राख आणि आईचं ऐक, असं बापाने सांगितलं होतं. दहा वर्षं उलटायच्या आत या दोन आज्ञा एकमेकींविरुद्ध उभ्या राहिल्या. राजाचं लँकेस्टर घराणं आणि यॉर्क घराणं यांची लढाई पेटली. ॲलिसने वारा ओळखला आणि मुलाचं लग्न यॉर्कच्या ड्यूकच्या मुलीशी, एलिझाबेथशी करून दिलं. जॉनने आईचं ऐकलं. बायकोचा भाऊ चौथा एडवर्ड म्हणून गादीवर आला, आणि जॉन राजाचा मेहुणा झाला.

ॲलिस १४७५ मध्ये वारली. ऑक्सफर्डशायरमधल्या यूएल्म गावच्या चर्चमध्ये तिची समाधी आहे. वर अलाबास्टर दगडात ॲलिस झोपलेली, डाव्या हातावर गार्टर या सर्वोच्च मानाचा पट्टा. खाली, कोरीव जाळीच्या आड, तिचीच दुसरी मूर्ती: उघडी, हाडं वर आलेली, प्रेताची. या प्रेताच्या डोक्यावरच्या दगडी छतावर आतून संतांची चित्रं रंगवली आहेत. ती बाहेरच्या माणसाला उभ्याने दिसत नाहीत. जमिनीवर आडवं पडून जाळीतून वर डोकवावं लागतं. ती फक्त त्या दगडी डोळ्यांसाठी आहेत. चर्चला लागूनच नवराबायकोने १४३७ च्या सुमारास तेरा गरीब वृद्धांसाठी धर्मशाळा काढली, शाळा बांधली. त्याच इमारतीत आजही मुलं शिकतात.

जॉनच्या मुलांचं पुढे जे झालं ते थोडक्यात सांगते, कारण लांबवून सांगायला धीर होत नाही. थोरला, लिंकनचा अर्ल, तिसऱ्या रिचर्डचा वारस मानला जाऊ लागला होता. रिचर्डनंतर गादीवर आलेल्या सातव्या हेन्रीविरुद्ध लढताना १४८७ मध्ये स्टोकच्या रणात मेला. मग एडमंड. ड्यूकपदाला शोभेल एवढी मिळकत उरली नाही म्हणून १४९३ मध्ये त्याला अर्लवर उतरवलं. तो परदेशी पळाला, १५०६ मध्ये परत हवाली केला गेला, १५१३ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. दुसऱ्याच वर्षी ड्यूक ऑफ सफोक हा किताब आठव्या हेन्रीने आपला दोस्त चार्ल्स ब्रँडन याला देऊन टाकला. त्यांचा भाऊ रिचर्ड परक्या मुलखात स्वतःला सफोकच म्हणवत राहिला आणि १५२५ मध्ये पाव्हियाच्या लढाईत फ्रान्सच्या बाजूने लढताना पडला. आणि ज्याच्या हातून त्यांचा ऱ्हास सुरू झाला, तो सातवा हेन्री कोण? त्या मार्गारेट बोफर्टचा मुलगा. सात वर्षांच्या जॉनशी जिचं लग्न लावलं होतं, तीच ती.

एक भाऊ राहिला. त्याला लंडनच्या टॉवरमध्ये टाकलं तेव्हा साल होतं १५०२. तो लढला नव्हता, त्याने किताब मागितला नव्हता. एडमंडचा भाऊ, एवढाच त्याचा गुन्हा. राजे बदलले, राण्या बदलल्या, त्याचं दार उघडलं नाही. सदतीस वर्षांनी, १५३९ मध्ये, तो तिथेच मेला. त्याचं नाव विल्यम. आजोबांचंच.